पोलोनेझमधली टाळी

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारात, बाथरूमच्या दारात आणि जिन्याच्या तळाशी पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत. नवीन माणूस आला की विचारतो, घराचं काम काढलंय का? काम काही काढलेलं नाही. ह्यांचे पाय दारात अडकतात. पार्किन्सन्समध्ये असं होतं. मोकळ्या जागेत माणूस बरा चालतो आणि दाराची चौकट समोर आली की पाय जमिनीला चिकटून बसतात. पट्टी ओलांडायची आहे असं मनाला सांगितलं की पाय उचलला जातो, म्हणून फिजिओथेरपिस्टने त्या लावायला सांगितल्या होत्या. पहिले काही महिने पट्ट्यांनी काम केलं. मग ह्यांच्या पायांना पट्ट्यांचीही सवय झाली आणि ते पुन्हा अडकायला लागले. पट्ट्या मात्र आता निघत नाहीत आणि कार्पेटचं वाटोळं झालंय.

हे म्हणजे माझा नवरा. तीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये काढली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये साहेबाला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली, पण नवऱ्याला नावाने हाक मारायला जीभ काही रेटली नाही. ते मला 'अगं' म्हणतात, मी त्यांना 'अहो'. दिवसातून किती वेळा 'अहो' म्हणते ते देवच जाणे. अहो, गोळी. अहो, पाय उचला. अहो, तिकडे नाही, इकडे. अहो, थांबा, मी आले. संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच नकोसा होतो.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे चिडचिड दिसली तर समजून घ्याल. हा थकवा झोपेने जाणारा नाही. शर्टाची बटणं, बुटांच्या नाड्या, ठरल्या वेळच्या गोळ्या, अंघोळीच्या वेळी मुठीत धरलेला जीव. फोनवर पुण्याची माणसं म्हणतात, "किती करतेस गं तू!" त्या वाक्याचा मला काडीचा उपयोग नाही. घरात करणारं माणूस एकच असलं की ते करतंच, त्यात कौतुक कसलं?

हॉस्पिटलमधल्या पार्किन्सन्स नर्सला मात्र माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ह्यांना एक आठवडा केअर होममध्ये ठेवा आणि तुम्ही झोपा. रेस्पिट म्हणतात त्याला. तुम्ही पडलात तर दोघंही पडाल." तिने एका होमचा फोन नंबर दिला. मी तो फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. मँचेस्टरहून मुलाचा फोन आला, त्यालाही सांगितलं. त्याचं मराठी इथल्या शाळांनी केलं तेवढंच. "आई, तू बुक कर ना तो होम. बाबा विल बी फाइन. तू एकदम टायर्ड झालाय."

सकाळी पॉरिज खाताना मी ह्यांच्यापुढे विषय काढला. चमचा वाटीत ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला तिथे ठेवून येणार?"

मी त्यांच्या वाटीत दूध ओतलं. मग तेच म्हणाले, "तुला हवं तर कर."

तुला हवं तर कर! ह्या चार शब्दांनी बायकांना आयुष्यभर जागच्या जागी बांधून ठेवलंय. करावं तर आपण दुष्ट, न करावं तर आपण मूर्ख. मी मूर्ख व्हायचं ठरवलं. नंबर फ्रिजवरच राहिला आणि मी रोज दूध काढताना तो बघत राहिले.

त्याच दिवसांत एकदा दुकानातून परत येताना हे आमच्याच फाटकात अडकले. ओढलं, समजावलं, "अहो, एक पाऊल" म्हणून झालं, शेवटी मी हात टेकले. येणारी-जाणारी माणसं "यू ऑलराइट?" विचारून पुढे सरकत होती. तेवढ्यात समोरच्या घरातली पोलिश बाई आपली चाकांची पिशवी ओढत आली. ऐंशीच्या घरातली, उंच, ताठ, शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेली. तिचे आईवडील महायुद्धानंतर इकडे आले आणि परत जायला देश राहिला नाही म्हणून इथेच राहिले. आमची तोवरची ओळख म्हणजे ख्रिसमसला कार्ड आणि दिवाळीला चिवडा. तिने कुणाला काही विचारलं नाही. पिशवीच्या दांड्यावर बोटांनी काहीतरी वाजवायला लागली आणि तोंडाने गुणगुणायला लागली. संथ, भारदस्त चाल, वरात निघावी तशी. मग तिने ह्यांच्यापुढे हात धरला, पंजा खाली, राणीने धरावा तसा. आणि हे चालायला लागले! फाटकातून आत, वाटेवरून पुढे, दाराच्या चौकटीतून थेट हॉलमध्ये. मी मागे दोन पिशव्या घेऊन उभी.

"पोलोनेझ," ती मला म्हणाली. "आमचा नाच आहे. गुरुवारी दुपारी आमच्या क्लबात या. दोघंही."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं माझ्या मनात आलं. आता ह्यांना नाचायला न्यायचं! पण ह्यांचे डोळे कधी नव्हे ते चमकत होते. "चाल तीन मात्रांची आहे," एवढंच म्हणाले.

ह्यांची हौस तबल्याची. नोकरी इंजिनिअरची, पण मंडळाच्या गणपतीत गाणारा कुणीही असो, साथीला हेच. हात थरथरायला लागले तशी तबल्याची जोडी गवसणीत गेली आणि वरच्या खोलीत कपाटावर जाऊन बसली. तिच्याबद्दल आमच्यात बोलणं होत नाही.

पोलिश क्लब म्हणजे चर्चच्या मागचा एक लांबट हॉल. भिंतीवर जुने फोटो, कोपऱ्यात बार, एका बाजूला पियानो. दुपारी सगळी पिकली पानं. पहिल्या दिवशी हे आत शिरताच अडखळले आणि मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." ते म्हणाले, "अगं, खरंच वाकडं आहे." आणि खरंच, लाकडी जमीन बारच्या बाजूला उतरती होती.

पोलोनेझ हा नाच आहे, असं तो बघून कुणाला वाटणार नाही. ते एक नटूनथटून चालणं आहे. जोड्या एकामागे एक उभ्या राहतात आणि अख्खी रांग हॉलभर फिरते. पहिली जोडी जाईल तिकडे बाकीच्यांनी जायचं. तीन पावलांचा एक घास. पहिल्या पावलाला गुडघा जरासा वाकवून लांब सरकायचं, पुढची दोन पावलं सरळ, मान ताठ. पोलंडात मोठा समारंभ ह्यानेच सुरू होतो, शाळा सोडणारी मुलंसुद्धा परीक्षेआधीच्या नाचात हेच करतात, असं बाईने पियानोवर बसूनच सांगितलं. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. मला तेवढंच बरं वाटलं.

पुरुषाचा उजवा हात पुढे आणि त्यावर बाईने आपला डावा हात ठेवायचा. ह्यांची उजवी बाजूच जास्त बिघडलेली. मी सवयीने त्यांचा हात घट्ट पकडला, कोपराला आधार दिला आणि ओढायला लागले. पियानो थांबला.

"तुम्ही काय करताय?" बाई. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं, मी इथे मराठीत सांगते आहे.

"त्यांना चालवते आहे."

"तुम्ही टो-ट्रक नाही आहात. हात ठेवा, धरू नका. कुठे जायचं ते त्यांना ठरवू दे."

माझं डोकं फिरलं. साठी उलटल्यावर एका परक्या बाईने मला शिकवावं, की नवऱ्याला पुढे जाऊ दे आणि तू नुसती हात ठेवून चाल! म्हणावंसं वाटलं, बाई, एक दिवस घरी येऊन बघ, मी हात सोडला तर काय होतं. पण पियानो सुरू झाला होता. मी रागारागाने हात नुसता ठेवला. ह्यांचा हात माझ्या हाताखाली थरथरत होता आणि पाय चालत होते. माझ्या ओढण्याशिवाय चालत होते. मला आनंद झाला असं खोटं सांगणार नाही. आधी वाईटच वाटलं.

दोन-तीन गुरुवार गेले आणि बाईने ह्यांना धरलं. "तुमचा डावा पाय छान पडतो. मग पुढच्या घासाला उजव्याची पाळी आली की तुम्ही झोपता. असं का?"

हे विचारात पडले. मग त्यांच्या एकदम लक्षात आलं. मनातल्या मनात ते दादरा धरून चालत होते. धा धिं ना, धा तिं ना. सहा मात्रा, म्हणजे पोलोनेझचे दोन घास. पहिल्या 'धा'ला डावा पाय, चौथ्या मात्रेला उजवा. आणि दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते. तिथे ताल हलका करायचा, वजन काढून घ्यायचं. पन्नास वर्षांच्या सवयीने हे तिथे पायातलं वजन काढून घेत होते, आणि तो नेमका आजारी पाय!

त्यांनी बाईला ही खाली समजावून सांगायला घेतली. बाई पियानोवरून उठून आली. दोन हट्टी म्हातारी माणसं हॉलच्या मध्यभागी उभी राहून वाद घालायला लागली आणि मी कोट घालून दारापाशी.

"जिथे काही नाही ते कशाला मोजायचं?" बाई.

"काही नाही असं नाही. तिथे श्वास घ्यायचा, म्हणून तर पुढची सम कळते."

"पोलोनेझमध्ये असं काही नसतं. दर घासाला गुडघा. दर वेळी. कुणीही झोपायचं नाही."

माझ्या मनात आलं, हा तर माझ्याच दिवसाचा ताल. दर घासाला गुडघा, श्वास कुठेच नाही. तबल्यावाल्यांनी निदान आधीच जागा करून ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तबल्याकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं आणि त्या दिवशी मात्र मला त्या चौथ्या मात्रेचा सरळ हेवा वाटला.

घरी येताना गाडीत हे मांडीवर बोटं आपटत पुटपुटायला लागले, "धा धिं ना, धा धिं ना. हा काय ताल झाला? बेवारशी." पण पुढच्या गुरुवारी बेवारशी ताल धरून चालले आणि उजवा पाय जागा झाला. घरी स्वयंपाकघराच्या दारातही 'धा धिं ना' चालायला लागलं. रोज नाही, पण चारातून एकदा तरी. माझं काम त्याने फार कमी झालं असं नाही. गोळ्या, बटणं, अंघोळ जिथल्या तिथे होती. गुरुवार हे आणखी एक काम होतं. पण त्या दोन तासांत मला कुणी 'अगं' म्हणून कामासाठी हाक मारत नव्हतं, हेही खरं.

फेब्रुवारीत क्लबाचा वार्षिक बॉल असतो. ईस्टरआधीचा उपास सुरू व्हायच्या आत खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचं, असा त्यांचा रिवाज. बाईने जाहीर केलं, पोलोनेझची पहिली जोडी आम्ही. मला वाटलं पाहुण्यांचा मान. पण कारण साधं होतं. समोर माणसांच्या पाठी आल्या की ह्यांचे पाय अडकतात, म्हणून त्यांना समोर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा फक्त पहिल्या जोडीला असते.

मग तिने क्लबाची जुनी पद्धत समजावून सांगितली. एक पुरुष मुद्दाम जोडीशिवाय ठेवतात. दरवर्षी हा मान एका उंच विधुराचा. रांग चालत असताना तो समोर येऊन टाळी वाजवतो. टाळी वाजली की पहिल्या पुरुषाने आपली जोडीदारीण त्याच्या हाती द्यायची आणि आपण एक जागा मागे सरकून दुसरीचा हात घ्यायचा. दुसऱ्याने तिसरीचा, तिसऱ्याने चौथीचा. शेवटचा पुरुष एकटा उरतो. त्याला वाटलं तर तो बसतो, नाहीतर पुढे येऊन टाळी वाजवतो आणि पहिलीला घेतो. बायका जागच्या हलत नाहीत, पुरुष मागे मागे जात राहतात. क्लबात पुरुष कमी, म्हणून दोन जोड्यांत बायकांनीच पुरुषाची जागा घेतली होती.

"हे जमेल?" मी विचारलं.

"त्यांना फक्त सोडायचं आहे आणि थांबायचं आहे," बाई म्हणाली. "मागची बाई आपोआप त्यांच्यापाशी येते. चालण्यापेक्षा सोपं."

त्यांना सोपं असेल. मी आठवडाभर फ्रिजवरच्या नंबराकडे बघत विचार करत होते, की मी हात सोडला आणि मागचीने वेळेवर धरला नाही तर?

शनिवारी संध्याकाळी मी नारायणपेठ नेसले. ह्यांना ब्लेझर चढवला, टाय बांधला, गोळीची वेळ साधली. ह्या सगळ्याला दुपार गेली आणि निघण्याआधीच मला घरी येऊन पडावंसं वाटत होतं. हॉलमध्ये टेबलांवर पांढऱ्या चादरी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, बिटाचं सार. ह्यांनी एक करंजी खाऊन सांगितलं, "तूप हवं." मग बाई पियानोवर बसली, सगळे उठले आणि रांग लागली.

पहिली फेरी आमची. माझा हात त्यांच्या हातावर नुसता ठेवलेला. ओठांतल्या ओठांत 'धा धिं ना', गुडघा दर घासाला. भिंतीवरचे फोटो एक एक करून मागे जात होते. मग ते उंच गृहस्थ समोर आले, वाकले आणि त्यांनी टाळी वाजवली.

ह्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. एक घास, दोन घास. मला वाटलं, अडकले. मग त्यांनी तो अलगद त्या गृहस्थांच्या हातावर ठेवला आणि बाजूला झाले. मी मान वळवून पाहिलं. मागची गुलाबी स्कार्फवाली बाई त्यांच्यापाशी पोचली होती आणि तिचा हात त्यांच्या हातावर होता.

"समोर बघा, डक," ते उंच गृहस्थ म्हणाले. जन्म इथलाच, त्यामुळे बोलणं पक्कं नॉटिंगहॅमचं; इथे प्रेमाने सगळ्यांनाच 'डक' म्हणतात. "तुम्हाला काहीच करायचं नाहीये."

मला काहीच करायचं नव्हतं. कुठे वळायचं ते ह्या माणसाला माहीत होतं. त्याचे पाय अडकणार नव्हते, तो पडणार नव्हता, त्याची गोळी राहिली नव्हती. माझ्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही, मान ताठ ठेवायची होती ना.

पुन्हा टाळी, पुन्हा नवा हात. मी पुढेच, पुरुष बदलत होते. हॉलच्या टोकाला रांग वळायची तेव्हा समोरून येणाऱ्या जोड्यांत हे दिसायचे. तिसरे, मग चौथे. दर टाळीला माझ्यापासून आणखी एक जागा लांब. समोर माणसांच्या पाठी होत्या, आणि तरी चालत होते! शेवटी मी वळले तेव्हा ते रांगेत नव्हते. पियानोच्या बाजूला, भिंतीशी, एकटे उभे होते. आता पाळी त्यांची. पुढे यायचं, टाळी वाजवायची आणि मला परत घ्यायचं.

सगळ्यांना ते माहीत होतं. लोक हसून त्यांच्याकडे बघत होते. पियानोवरची बाई तोच भाग पुन्हा वाजवत होती. त्यांनी दोन्ही हात छातीपाशी आणले.

तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहिते. मनात आलं, नका वाजवू. एवढी एक फेरी राहू दे. देवा, ती टाळी वाजू नये.

आणि टाळी वाजली नाही. हात तसेच खाली गेले. पुढच्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. अडकले असणार ते! हात अडकले, पाय अडकले, सगळ्या लोकांदेखत, आणि मी इथे मिरवते आहे. मी जोडीदाराचा हात सोडला आणि निऱ्या मुठीत धरून रांग मोडून धावले.

"अहो, काय झालं? पाय अडकला? थांबा, मी धरते."

ते वैतागले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं खणखणीत वैतागलेलं पाहिलं. "तू कशाला आलीस?"

"टाळी वाजली नाही."

"वाजली नाही काय? मी वाजवली नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि टाळी वाजवून दाखवली. बारीक, पण स्पष्ट. "हे बघ. येते वाजवता. तू तिकडून येताना तुझा चेहरा बघत होतो. असा चेहरा मी किती दिवसांत पाहिला नाही. म्हटलं, आणखी एक फेरी घेऊ दे हिला."

मागे सगळी रांग जागच्या जागी पाय हलवत उभी होती.

"जा," ते म्हणाले. "तो बिचारा हात पुढे करून उभा आहे. मी इथे बसतो." मी खुर्ची ओढायला वाकले, तर त्यांनी स्वतःच ती मागे सरकवली आणि हळूहळू बसले. मग म्हणाले, "आणि तो फ्रिजवरचा नंबर. सोमवारी फोन कर. जातो मी आठवडाभर."

"तुम्हाला नको असेल तर..."

"मला नकोच आहे. तुला हवंय ना? मग मी जातो. आता जा."

मी गेले. ती फेरी मी पूर्ण केली, आणि तिच्यानंतरची सुद्धा. वळणावर प्रत्येक वेळी खुर्ची दिसायची, मांडीवर बोटं चाललेली, आणि ओठांवरून मला कळत होतं, ते पुन्हा खरा दादरा धरून बसले होते, खालीसकट.

मार्चमध्ये मी त्यांना केअर होममध्ये घेऊन गेले. दारात पाय अडकलेच. माझा हात आपोआप पुढे झाला, तो मी पाठीमागे धरला. तिथली केअरर आली, तिने आपला हात पुढे केला. ह्यांनी माझ्याकडे बघून "धा" म्हटलं आणि ते तिच्याबरोबर आत गेले. त्यांना मागे वळून बघता येत नाही, तोल जातो. मीही थांबले नाही, थांबले असते तर परत घेऊन आले असते.

त्या आठवड्यात काय काय करायचं ते ठरवलं होतं. लेस्टरच्या मैत्रिणीकडे जायचं, केस कापायचे, कार्पेटवरच्या पट्ट्या खरवडून काढायच्या. गाडीत बसले, पट्टा लावला आणि किल्ली फिरवायच्या आधी जरा डोळे मिटले.

काचेवर टकटक झाली तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं. तीच केअरर.

"सॉरी, डक," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांना वरून गाडी दिसते आहे. कधीपासून खिडकीत बसलेत. तिला उठवू नका, झोपू दे, म्हणून आम्हाला बजावून ठेवलं होतं त्यांनी. पण ॲम्ब्युलन्स येते आहे आणि तुम्ही तिच्या जागेत आहात."

मी वर पाहिलं. खिडकीत ते होते. हात हलवला तर खाली येतो म्हणतील, म्हणून मी हात हलवला नाही. गाडी मागे घेतली, घरी गेले आणि साडेचार वाजता भर उजेडात पुन्हा झोपले.